तारीख यंत्राची, मुदत कोणाची?

खानदेशात आखाजीची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. अक्षय्य तृतीयेच्या या दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतात हे सर्वश्रुत आहे. परंतु जळगाव-धुळ्याकडील शेतीच्या व्यवहारात या तिथीला आणखी एक अर्थ आहे. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे साल आखाजीलाच धरले जाते. घेतलेली उचल, फिटलेली रक्कम, उरलेली बाकी, सारे त्या दिवशी मांडले जाते. ही प्रथा आता पुष्कळ क्षीण झाली असली, तरी जेथे ती टिकून आहे तेथे मालकाला वा सालदाराला कोणी स्मरणपत्र पाठवीत नाही. तारीख चुकली तर दोघांचेही काही अडते, एवढे पुरते.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या शाळा-महाविद्यालयांत, पतपेढ्यांत आणि सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांत तारखा लक्षात ठेवण्याचे काम संगणकाकडे सोपविण्याची एक लाट आली आहे. पद्धत सोपी आहे. कार्यालयातील सर्वांना दिसेल अशी कामांची एक सामायिक यादी करावयाची. प्रत्येक कामापुढे आवक क्रमांक, विषय, ते कोणाकडे आहे त्याचे नाव आणि निकड असे रकाने. काम यादीत चढले की त्याची मुदत यंत्र स्वतःच ठरविते. अत्यंत निकडीचे असेल तर उद्याची तारीख, तातडीचे असेल तर चार दिवसांनंतरची, साधे असेल तर कामकाजाचे सात दिवस मोजून, मधले रविवार आणि सुट्या वगळून. मुदत जवळ आली की संबंधिताला ई-मेल जाते आणि ती उलटली की दररोज सकाळी जात राहते. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एका हुशार तरुण लिपिकाने दोन वर्षांपूर्वी अशी यादी तयार केली. त्यासाठी कोणा कंपनीला पैसे मोजावे लागले नाहीत, हे विशेष.

वरील एक, चार आणि सात हे आकडे आमच्या लिपिकाच्या कल्पनेतून आलेले नाहीत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कर्तव्यातील विलंब यांसंबंधीचा महाराष्ट्राचा २००५ चा जो कायदा आहे, त्याच्या दहाव्या कलमात ते आहेत. कोणतीही फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे राहू नये; तात्काळ फाईल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, आणि तातडीची चार दिवसांत निघावी; दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर निर्णय ४५ दिवसांत आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत व्हावा, असे हे कलम सांगते. हेतुपुरस्सर विलंबाबद्दल शिस्तभंगाच्या कारवाईचीही त्यात तरतूद आहे. त्यानंतर २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्याने दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना ठरावीक दिवस बांधून दिले, अर्जदाराला अपिलाचे मार्ग दिले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची योजना केली. म्हणजे तारखा कायद्याने केव्हाच घालून दिल्या होत्या. त्या मोजणारा कोणी नव्हता. यंत्र आता तो मिळवून देते, आणि म्हणून ते आले याचा मला आनंदच आहे. मात्र मोजणी सुरू झाल्यावर काय घडले हे सांगितले पाहिजे.

पहिल्या महिन्यात आमच्या यादीने चमत्कार केला असे वाटले. अग्निशमन नळकांड्यांचे नूतनीकरण, इमारतीचा विमा, प्रयोगशाळेच्या खरेदीची देयके अशी जी कामे दरवर्षी विस्मरणाने रखडत ती वेळेवर झाली. तिसऱ्या महिन्यापासून सकाळच्या ई-मेलचे वजन उतरू लागले. काहींनी त्या आपोआप वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतील अशी व्यवस्था केली. (हा उद्योग करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे कबूल केलेले बरे. अंतर्गत गुणांच्या याद्यांविषयीची माझ्या नावची स्मरणपत्रे त्या कप्प्यात किती साचली होती, ते मी मोजले नाही.) वर्षअखेर यादी पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि तिनेच या लेखाचा विषय दिला.

यादीत टीडीएसच्या तिमाही विवरणपत्राची ओळ एकदाही लाल झालेली नव्हती. सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन प्रकरणांच्या ओळी मात्र महिनोन् महिने लाल होत्या. दोन्ही कामे त्याच कार्यालयातील, एकाच लिपिकाच्या नावची. यंत्र तेच, ई-मेल तीच, सकाळची वेळही तीच. फरक इतकाच की, टीडीएसचे विवरणपत्र उशिरा गेले तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागते आणि ते संस्थेला भरावे लागते. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव उशिरा गेला तर संस्थेला काहीच भरावे लागत नाही. जो भरतो तो यादीत नसतो.

सेवानिवृत्तीची तारीख ही कार्यालयातील साऱ्या तारखांत सर्वांत निश्चित तारीख होय. माणूस नोकरीला लागतो त्या दिवशी, सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिली जाते तेव्हाच, ती ठरून जाते. तिच्यासाठी यंत्राची आवश्यकताच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ यांत तर निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून कागद तयार करावयास घ्यावेत असे सांगितलेले आहे. तरीही माझ्या माहितीतील एका महाविद्यालयाचे ग्रंथालय परिचर ३१ मे रोजी निवृत्त झाले आणि त्यांचे उपदान हाती पडावयास चौदा महिने लागले. त्यांच्या प्रकरणाची ओळ तेथील सामायिक यादीत पहिल्यापासून होती. त्या एका ओळीपोटी यंत्राने पाठविलेल्या स्मरणपत्रांची संख्या तीनशेच्या घरात गेली असावी.

ही तीनशे पत्रे वाया का गेली? लिपिक आळशी होता म्हणून नव्हे. परिचरांच्या सेवापुस्तकात १९९८ मधील एका रजेच्या नोंदीखाली स्वाक्षरी नव्हती. ती रजा मंजूर झाल्याचा कागद संस्थेच्या दुसऱ्या शाखेत होता आणि त्या शाखेतील संबंधित कर्मचारी निवृत्त होऊन गेलेले होते. लिपिकाने दोनदा पत्र लिहिले, एकदा स्वतः जाऊन आला आणि थांबला. यंत्र मात्र त्यालाच आठवण करीत राहिले, कारण रकान्यात नाव त्याचे होते. ज्याच्या हातात काम नाही त्याला दररोज सकाळी दहा वाजता त्या कामाची आठवण करून देणे, याला व्यवस्था म्हणावयाचे की छळ, हे वाचकांनीच ठरवावे. अखेरीस प्राचार्यांनी एके दिवशी फाईल स्वतःसमोर घेतली, दुसऱ्या शाखेच्या प्रमुखांना दूरध्वनी केला, आणि आठवड्याभरात रजेचा कागद सापडला. पुढचे टप्पे मग क्रमाने पार पडले.

या चौदा महिन्यांची किंमत किती? अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला हा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. सात लाख रुपये उपदान येणे असेल आणि घरची गरज भागविण्यासाठी माणसाने दरसाल बारा टक्के दराने तेवढे कर्ज काढले असेल, तर महिन्याला सात हजार रुपये व्याज होते. चौदा महिन्यांचे अठ्ठ्याण्णव हजार. एवढी रक्कम कोणाच्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कोणत्याही लेखापरीक्षणात ती आक्षेप म्हणून येत नाही, आणि तरीही ती कोणीतरी भरतोच. कर्ज न काढता ज्याने ओढाताण करून दिवस काढले त्याचेही नुकसान तितकेच, फक्त त्याची पावती नसते. विलंब प्रशासकीय कारणाने झाला असल्यास उपदानावर व्याज देण्याची तरतूद नियमांत आहे. परंतु ते व्याज मागावे लागते, आणि निवृत्त माणूस ज्यांच्याकडे अजून काम अडलेले आहे त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहीत नाही.

उलट उदाहरणही आपल्या पेठेतलेच आहे. लहान उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, असा कायदा २००६ मध्ये झाला. चक्रवाढ व्याजाची तरतूदही त्यात आहे. पण जळगावचा डाळमिलवाला असो की चटई कारखानदार, आपल्या मोठ्या गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा लावून तो गिऱ्हाईक घालवील काय? मुदत कागदावर राहिली. मग २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या नियमात एक बदल केला. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत फेडले नाही तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही. २०२४ चा मार्च आला तेव्हा व्यापारी आणि त्यांचे लेखापाल पंचेचाळीस दिवस बोटांवर मोजू लागले. विलंबाची किंमत ज्याने विलंब केला त्याच्या खात्यावर येऊन पडली, एवढेच घडले होते.

जुन्या काळी कचेऱ्या वेळेवर चालत होत्या असा माझा दावा नाही. ज्यांनी ती दप्तरे पाहिली आहेत ते असा दावा करणारही नाहीत. तरीपण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीचे कामकाज लावून दिले, ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. त्या नावाशी निगडित असलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत अनेक लिपिकांना आजही ठाऊक आहे. हाती असलेली प्रकरणे एका गठ्ठ्यात, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असलेली दुसऱ्यात, ठरावीक काळाने पाठवावयाची विवरणपत्रे तिसऱ्यात, अशी ती विभागणी असे. यातील दुसरा गठ्ठा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा. काम माझ्याकडे आहे परंतु ते पुढे सरकणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, ही अवस्था त्या पद्धतीने ओळखली होती आणि तिला स्वतंत्र जागा दिली होती. आमच्या संगणकीय यादीत ‘प्रलंबित’ असा एकच लाल रंग आहे. परिचरांची ओळ प्रतीक्षेच्या गठ्ठ्यात असती, तर वाट कोणाची पाहत आहोत हा प्रश्न तरी कोणी विचारला असता.

स्मरणपत्राची गोष्टही तशीच. पूर्वी पहिले स्मरणपत्र लिपिक लिहीत असे, दुसरेही लिहीत असे. त्याचा उपयोग झाला नाही तर साहेबांच्या स्वाक्षरीचे अर्धशासकीय पत्र जाई. ते लिहिणाऱ्याला श्रम पडत, आणि ज्याला ते येई त्याला कळत असे की आता कोणीतरी आपल्या नावाने बसून हे पत्र लिहिले आहे. स्मरणपत्र महाग होते म्हणून त्याचे मोल होते. यंत्राने ते फुकट केले. आणि जी वस्तू अमर्याद प्रमाणात फुकट मिळते तिची किंमत बाजारात शून्य होते, हे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही आम्ही शिकवितो. माहितीची रेलचेल झाली की लक्ष देण्याची शक्ती दुर्मिळ होते, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. ते मांडले गेले तेव्हा ई-मेल नुकतीच जन्म घेत होती!

आठवण देण्याचा उपयोगच नसतो असे कोणी समजू नये. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपाइन्स येथील बँकांच्या ग्राहकांवर झालेल्या प्रयोगांत, बचतीची आठवण देणारे साधे संदेश पाठविल्याने लोकांची बचत वाढली असे आढळले आहे. तेथे अडचण विस्मरणाची होती. आमच्या अग्निशमन नळकांड्यांचेही तेच. परंतु कचेरीत काम रखडते ते बहुधा विसरल्यामुळे नव्हे. एका लिपिकाकडे तीन टेबलांचा कारभार असतो, कारण दोन पदे रिक्त आहेत. काम अप्रिय असते, त्यात कोणाची तरी जुनी चूक बाहेर येणार असते. कधी ते काम अडवून ठेवण्यातच कोणाचा लाभ असतो. यांपैकी एकाही रोगावर सकाळची ई-मेल हे औषध नाही.

अशा यादीत एक नवा रोगही शिरतो. मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप निकामी होते, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील प्रतिपादनाचे सार कोणत्याही कार्यालयात पाहता येते. सातव्या दिवशी ओळ लाल होणार असेल तर सहाव्या दिवशी अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ पाठविला जातो. घड्याळ थांबते. त्रुटी दूर करून अर्ज आला की तो नवा अर्ज म्हणून चढतो आणि पुन्हा सात दिवस. कधी टपाल आठवडाभर टोपलीत राहते आणि यादीत चढते त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा खेळ परिचयाचा आहे. यावल-रावेरकडून किंवा शिरपूर-साक्रीकडून बसने येणारा मुलगा एका शेऱ्यापायी उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढावयास तहसिलीत जातो, एक दिवसाचे तास बुडवतो, भाडे मोडतो. यादीत त्याची ओळ हिरवी असते.

येथे एक विषमता नजरेत भरते. नागरिकाची मुदत कडक असते आणि कचेरीची लवचिक. गारपिटीने केळीची बाग झोपली तर शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना दिली पाहिजे. बाग पाहून सावरावयासही तेवढा वेळ लागतो, पण तास मोजले जातात. विमा कंपनीने भरपाईला उशीर केल्यास दरसाल बारा टक्के व्याज द्यावे, असे पीक विमा योजनेच्या २०१८ च्या सुधारित सूचनांनी ठरविले, तेव्हा निदान तत्त्वतः तराजूच्या दोन्ही पारड्यांत काहीतरी पडले. कचेऱ्यांतील याद्यांत ते दुसरे पारडे अजून रिकामे आहे.

मग काय करावे? यादी बंद करा असे मी म्हणणार नाही. उलट ती अधिक कडक करावी. मुदत आवक शिक्क्याच्या तारखेपासून मोजली जावी आणि ज्याने काम करावयाचे त्याला ती तारीख बदलता येऊ नये. बदलावयाची असल्यास वरिष्ठाने कारण लिहून बदलावी, आणि ते कारण अर्जदाराला दिसावे. त्रुटी काढावयाच्या त्या एकदाच, सर्व एकत्र काढाव्यात; दुसऱ्यांदा काढलेल्या त्रुटीने घड्याळ थांबू नये. काम कोणाच्या नावावर आहे याच्या शेजारी ते सध्या कोणासाठी थांबले आहे हा रकाना असावा आणि आठवण त्या दुसऱ्या माणसाला जावी. दररोजच्या ई-मेल बंद कराव्यात. मुदतीपूर्वी एक पुरे. मुदत उलटली की पुढची ई-मेल लिपिकाला नव्हे, त्याच्या वरिष्ठाला जावी, आणि त्याने दोन ओळींचे उत्तर स्वतःच्या नावाने यादीत लिहावे. त्यात ‘पद रिक्त आहे’ असे लिहावे लागले तरी चालेल. तीही माहिती आहे, आणि ती आज कोठेच लिहिली जात नाही. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात तर उपदानाच्या रकमेवर रोज किती व्याज चढत आहे, तो आकडा यंत्राने त्या ओळीपुढे दाखवावा. गुणाकार करणे त्याला अवघड नाही.

हे सारे लिपिकावर आणखी एक जोखड आहे असे काही मित्रांनी मला सांगितले. मला ते मान्य नाही. आज सर्व लाल रंग त्याच्या नावावर चढतो, कारण रकान्यात लिहिण्याजोगे तेच एक नाव असते. काम कोठे अडले आहे हे दिसू लागले तर सर्वांत प्रथम सुटका त्याचीच होईल. अडचण होईल ती माझ्यासारख्यांची आणि माझ्या वरच्यांची.

आमच्या कार्यालयातील त्या तरुण लिपिकाला मी या सूचना वाचून दाखविल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या आणि विचारले, “सर, ‘कोणासाठी थांबले आहे’ या रकान्यात प्राध्यापकांची नावे घातली तर चालतील ना?” चालतील, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी यादी उघडली, तेव्हा नव्या रकान्यातील पहिले नाव माझे होते. अंतर्गत गुणांची यादी, अकरा दिवस. ती मी त्याच दुपारी देऊन आलो.